पाच वाजले, मोबाईल बंद!

घरात किस्से घडायला फार काही लागत नाही, फक्त माणसांनी मान वर करावी लागते. एवढं शहाणपण मला या मे महिन्यात आलं. पूर्वी बारामतीच्या ऑफिसात डबा खाताना मैत्रिणी सांगायच्या आणि मी ऐकायचे. हल्ली मी सुरू झाले की सगळ्यांच्या पोळ्या हातातच राहतात!

*

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. एप्रिलमध्ये मला सणसणून ताप भरला. मी सांगवीच्या आमच्या घरात खालच्या खोलीत पडून होते. आमची एकुलती एक गार्गी, आठवीची परीक्षा संपवून, माडीवर मोबाईलमध्ये.

दुपारी माझा फोन टिंग वाजला. लेकीनं टेडी पाठवला होता, 'गेट वेल सून'!

माडीवरून खाली यायला अकरा पायऱ्या आहेत. मी उशीत तोंड खुपसून रडले, खोटं कशाला सांगू?

*

ताप उतरल्यावर मी जाहीर केलं, "संध्याकाळी पाचपासून जेवणं होईपर्यंत सगळ्यांचे मोबाईल बंद. अख्खा मे महिना!"

गार्गी म्हणाली, "चालेल. पण तुम्हा मोठ्यांपैकी एकानं जरी मोडलं, तर करार खलास. मग मला परत कधी बोलायचं नाही!"

तिला जिंकायची खात्रीच होती. कारण घरातले सगळ्यात मोठे व्यसनी म्हणजे माझे सासरे, आबा. वय चौऱ्याहत्तर, ग्रुप एकोणीस. कोंबडा आरवायच्या आत अर्ध्या तालुक्याला सुप्रभात पाठवून मोकळे!

*

चौथ्याच दिवशी आबा गोठ्यात वैरण टाकायला गेले ते परत येईनात. गार्गी बघायला गेली. आबा म्हशीच्या आडोशाला बसून रील बघत होते!

"टाइम बघत हुतो," आबा म्हणाले.

"आबा, मनगटाला घड्याळ आहे तुमच्या!"

"त्ये पुढं हाय."

मी चुलीपुढं भाकऱ्या थापत सगळं ऐकत होते. चार दिवसांत करार खलास! गार्गीनं जरा विचार केला आणि निकाल दिला, "उद्या शेण तुम्ही काढायचं. ह्या वेळी माफ."

"व्हय, जज्जसाहेब!"

म्हणजे पोरीलाच करार मोडायचा नव्हता! त्या आनंदात माझी भाकरी करपली.

*

त्या दिवसापासून चारी मोबाईल मी गोळा करून दुधाच्या जादा किटलीत ठेवायला लागले. झाकण घट्ट, आवाज बाहेर येत नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आणि आमची दुसरी म्हैस व्याली. दूध वाढलं, नेहमीची किटली पुरेना. नवऱ्यानं घाईघाईत जादा किटली ओढली आणि आत न बघता दूध ओतलं. गावातल्या दूध केंद्रावर किटली पालथी केली तेव्हा आधी दूध आलं, मग धडाधड चार मोबाईल!

केंद्रावरचा पोरगा म्हणाला, "अण्णा, म्हस कुठनं आणली? फाइव्ह-जी दूध देतीया!"

दूध घरी परत आलं आणि मोबाईल दुरुस्तीला गेले. पंधरा दिवस करार मोडायची सोयच उरली नाही.

*

मग आबांनी फरशीवर खडूनं चल्लसआठचा पट आखला. हरायला लागला की माझ्या नवऱ्याला नेमकी शिंक यायची आणि सोंगट्या उधळायच्या. सोळा वर्षं संसार केला, पण हा माणूस रडीचा डाव खेळतो हे मला आत्ता कळलं!

*

विहिरीवरची मोटार आबा घरात बसून फोनवरून चालू करायचे. आता चालत जाणं आलं. सोबतीला गार्गी. तिसऱ्या दिवशी दोघं चिंब भिजून आली.

"मोटार बंद ठिवून पोरीला पवायला शिकवतोय," आबा म्हणाले. "पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलाय, बुडायची न्हाय. काळजी करू नगं."

आठवड्याभरात तिचा डबा सुटला, ती बिनडब्याची पोहायला लागली.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मी बघायला गेले. मी शहरात वाढलेली, बादलीतल्या पाण्यालाही बिचकणारी. विहिरीतून गार्गी ओरडली, "आई, आता तू!"

"मला नाही गं येत!"

"उडी मार, मी हाय ना!"

इंग्लिश मीडियमची माझी लेक 'हाय' म्हणाली! आबांनी तोवर माझ्या पाठीला डबा बांधलासुद्धा. नवऱ्याचा हात शूटिंगसाठी खिशात गेला. खिसा रिकामा! मग काय करणार, तोही कपड्यांसकट पाण्यात. मी डोळे मिटले आणि उडी टाकली. नाकातोंडात पाणी गेलं, पण वर आले तेव्हा माझा दंड गार्गीच्या हातात होता. ती खिदळत होती आणि मीही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

*

इंदापूरला दिलेल्या माझ्या नणंदेला, शोभाताईंना, आबांनी हे कळवलं, पण त्यांना काही पटेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, तुमी आन् विहिरीत? मी न्हाय मानत. फोटो पाठवा!"

गार्गीनं माझ्या हातातून फोन घेतला. "आत्या, फोटो न्हाय. पटत नसंल तर तूच ये!" करार आदल्या दिवशीच संपला होता, तरी तिनं फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि आबांच्या मागं विहिरीकडं पळाली.

शनिवारी शोभाताई एसटीतून उतरल्या. एका हातात कपड्यांची पिशवी होती. दुसऱ्या हातात, दोरीसकट, तेलाचा रिकामा डबा!