दुपट्ट्याची गाठ आणि चार वाजताचा मेल

आधीच सांगतो, रस्त्यावरच्या लिंबावर पाय ठेवून पुढे जाणारा माणूस आहे मी. आमच्याकडे अंगारे-धुपारे आजोबांच्या काळापासून बंद. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतं आहे... पण घडलं ते घडलं.

मी मूल गावचा, राइस मिलमध्ये कारकून. घरी एक कॉम्प्युटर, त्यावर दोन अकाउंट – एक माझं, एक मुलगी प्रणालीचं. मेलचा प्रोग्राम मात्र एकच! तो दोन्ही अकाउंटमधून उघडेल अशी सोय तिनंच केली होती. अट एवढीच की एका वेळी एकानंच उघडायचा. म्हणून घरचा नियम – मेल उघडा असेल तर मॉनिटरवर माझा खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा. या सोयीमुळे मिलची दोन-चार पत्रं 'आपली नम्र, प्रणाली' अशी गेली, ते सोडा.

प्रणाली धानाच्या जुन्या जाती गोळा करते. संशोधनाच्या जागेसाठी तिचा अर्ज होता, शेवटची वेळ संध्याकाळी पाच. नेमकी त्याच दिवशी ती कुरखेड्याच्या पलीकडे, रेंज नसलेल्या गावात. जाताना म्हणाली, "बाबा, सरांचं शिफारसपत्र दुपारी मेलवर येईन. ड्राफ्टमधल्या अर्जाले जोडजा आन चार वाजता पाठवजा. तुमी भुलता, म्हून दुपट्ट्याले गाठ मारून ठेवली."

मी तो दुपट्टा खांद्यावर टाकला आणि गावातल्याच एका लग्नाला गेलो. निघताना कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटन बंद केलं, घराला कुलूप लावलं. किल्ली बायकोच्या पर्समध्ये, बायको माझ्यासोबत.

जेवून हात पुसले, तेव्हा बोटाला गाठ लागली. पाच वाजून दहा मिनिटं!

स्कूटर कशी चालवली ते विचारू नका. मागून बायको, "पोरीचं वर्ष खाल्लं तुमी! वरून दोनदा भात वाढून घेतला!"

कुलूप जसंच्या तसं. बटन बंदच. चालू केलं, मेल उघडला... ड्राफ्ट रिकामा. पाठवलेल्यांत अर्ज होता – चार वाजून सात मिनिटं. पत्र जोडलेलं. नाव प्रणालीचंच.

संध्याकाळी ती आली. मला वाटलं, तिनंच कुठूनतरी पाठवला असेल. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. "मी नाई पाठवला. आन बाबा, शेवटची ओळ कोनाची आहे?"

अर्जातल्या जातींच्या यादीखाली एक ओळ जास्त होती – 'लाल कुसळाचा धान, माहिती: कौसाबाई, रोवणी मजूर, मूल.'

"तुमी टाकली?"

"यायले 'कळावे' टाइप कराले अर्धा घंटा लागते," बायको म्हणाली. "हे काय टाकतेत!"

कौसाबाई माझी आई. प्रणाली दोन वर्षांची असताना गेली. माझ्या लग्नापर्यंत लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलात वाकून रोपांची रोवणी केली तिनं. लाल कुसळाच्या धानाचं ती मला लहानपणी सांगायची. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. खरं सांगू? मिलमध्ये मी 'आमची शेती होती' असं सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलेलं. आईची मजुरी झाकून ठेवली होती मी.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोघींना सगळं सांगितलं. प्रणाली म्हणाली, "इतके दिवस काऊन लपवलं, बाबा?"

मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या ओळीवर आला. कोण ही कौसाबाई? पोरगी ताठ मानेनं म्हणाली, "माझी आजी. तिच्यासारखी धानाची पारख आमच्या घरात अजून कोणाले नाई."

निवड झाली. मी मिलमध्ये पेढे वाटले आणि प्रत्येकाला, न विचारता, आईचं काम सांगितलं.

कॉम्प्युटरच्या जाणकारांना विचारून झालं. बंद मशिनीतून मेल जात नाही, एवढंच ते सांगतात. ते मलाही ठाऊक आहे.

आता आमच्या कॉम्प्युटरवर तीन अकाउंट आहेत. तिसऱ्याचं नाव कौसाबाई. त्याला पासवर्ड ठेवलेला नाही.