मामाच्या जागी

मी पँट-शर्ट घालते. बाप्यांच्या दुकानातनं घेतलेला, दोन खिशांचा शर्ट. केस कानाच्या वर कापलेले. भोसरी ते चाकण पिकअप चालवते, कंपन्यांचा माल पोचवते. एवढं सांगून लोकांचं भागत नाही, त्यांना कारण लागतं. लग्न का नाही केलं? लहानपणी काही झालं होतं का? अहो, काही झालं नव्हतं. मला यात बरं वाटतं म्हणून घालते. तुमचं पोट बटणं तोडून बाहेर यायला बघतंय, तरी तुम्ही तो टी-शर्ट का घातलाय, असं मी कधी विचारलंय का तुम्हाला?

चाकणच्या चौकात गाडी अडकली की शेजारच्या रिक्षातले लोक वाकून बघतात. "बाई हाय का बाप्या?" असं एकमेकांना विचारतात, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारतात. कंपनीच्या गेटवर नवीन वॉचमन आला की आधी 'भाऊ' म्हणतो, मग लायसन्स बघतो आणि खी खी करत दुसऱ्याला हाक मारतो. दापोडीत एकदा बायकांच्या मुतारीत गेले तर आतली बाई किंचाळलीच. बाहेर गर्दी जमली. मी म्हटलं, "ताई, दाढी दिसती का मला कुठं?" तर ती म्हणते, "मग बाईसारखं राहायला काय जातं तुमचं?" तेव्हापासून गाडीवर असले की मी पाणीच कमी पिते. हे सांगायची लाज नाही वाटत मला, संताप येतो.

पण मी मुकाट्यानं ऐकून घेणाऱ्यातली नाही. जो बघतो त्याच्याकडं मी तो मान फिरवेपर्यंत डोळे वटारून बघते. एकानं सिग्नलला फोटो काढला, तर गाडी तशीच सोडून खाली उतरले आणि त्याला तो पुसायला लावला. मागं सगळा हायवे हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.

माझ्या कपड्यांबद्दल ज्या एका माणसाला कधी प्रश्नच पडला नाही, ती म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची पोरगी. ताईचं घर दिघीला. पोरगी लहान असल्यापासून माझ्या पिकअपमध्ये पुढं बसून शाळेत जायची. आमच्यात लग्नात नवरीचा मामा तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीमागं उभा राहतो. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. पोरगी तेव्हापासून म्हणायची, "माझा मामा तूच. फेटा बांधून उभं राहायचं, कळलं का?" मी म्हणायचे, "राहीन की."

तिचं लग्न ठरलं ते राजगुरुनगरकडं. मुलगा चांगला, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बैठकीला मी पाहुण्यांबरोबर सतरंजीवर बसले होते. बोलणी संपत आली तसा मुलाचा चुलता दाजींना म्हणाला, "पाव्हणं, बाकी समदं पसंत हाय. फकस्त हे सोंग मांडवात नको. आमच्यात चार लोकं येत्यात." असं म्हणून माझ्याकडं बोट केलं. माझ्याशी बोलला नाही, माझ्याबद्दल बोलला. दाजी सतरंजीचा दोरा उपटत बसले. मी उठणार तेवढ्यात ताईनं मागून माझं मनगट आवळून धरलं.

पाहुणे गेल्यावर ताई म्हणाली, "एक दिवस साडी नेस. तुझ्या पाया पडते. मामा म्हणून भावकीतलं कुणीतरी उभं राहील. तू भांडशील आणि गाडी घेऊन निघून जाशील. पोरीला तिथं जन्म काढायचाय, त्यांची बोलणी तिला खावी लागतील. आणि तिला यातलं काही सांगू नको, ती लग्न मोडून बसंल." जगाला तोंड देणारी मी, बहिणीला मात्र बरं म्हटलं.

लग्न मोशीच्या कार्यालयात होतं. ताईची हिरवी साडी मला जागोजागी पिना लावून नेसवली, केस दिसू नयेत म्हणून पदर डोक्यावरनं घेतला. मला धड पाऊल टाकता येईना. आणि बायका काय म्हणाव्यात? "अगंबाई, कित्ती छान दिसतेस! रोज अशीच राहत जा ना." एक बोलून गेली की दुसरी यायची. रस्त्यावरच्या शिव्या परवडल्या हो, त्यांना उलट शिवी देता येते. इथं दात दाखवून मान डोलवावी लागली. आतून नुसती जळत होते मी.

माइकवरून पुकारा झाला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." आमचा चुलत भाऊ फेटा सावरत पुढं झाला. पोरीच्या बारशाला तोंड दाखवलं होतं त्यानं, त्यानंतर आजच. पोरगी खोलीच्या दारात आली आणि त्याला बघून थांबली. तिनं पुरुषांच्या बाजूला बघितलं, एकेक फेटा बघितला. माझी गाडी दिसते का म्हणून फाटकाकडं बघितलं, पण ती सामान भरायला कार्यालयाच्या मागं लावली होती. मग तिची नजर बायकांवरून फिरली. माझ्यावरूनही गेली, पण थांबली नाही. भटजी घाई करायला लागले. चुलत भावानं तिचा दंड धरला आणि ती चालायला लागली. मी हात वर केला. पण अक्षतांच्या मुठी घेऊन सगळ्याच बायकांचे हात वर होते.

पाठवणीला ती ताईच्या गळ्यात पडून रडली. "मावशी आलीच न्हाई ना? एवढं सांगून न्हाई आली," एवढंच म्हणत होती. मी दोन बायकांच्या मागं उभी होते. ताईनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. शेजारीच तो चुलता उभा होता. नवरा-नवरीची गाडी निघून गेली.

कपाट, फ्रिज, गाद्या, रुखवत, असं पोरीच्या संसाराचं सगळं सामान माझ्याच पिकअपमध्ये भरलं होतं. ते पोचवायला सोंग चालतं त्यांना. मी केबिनमध्ये पडदा ओढून कपडे बदलले, साडीचा बोळा सीटखाली कोंबला आणि राजगुरुनगरची वाट धरली. चाकणपर्यंत मोठमोठ्यानं शिव्या देत होते, कुणाला ते माझं मलाच ठाऊक नाही.

नवऱ्यामुलाच्या दारात मांडव होता, खुर्च्या टाकून माणसं बसली होती. मला उतरताना बघून चुलता म्हणाला, "आलं का सोंग!" सगळी हसली. मी मागचा फाळका पाडायला गेले, तोवर आतून पोरगी पळत आली. माझा हॉर्न तिला लहानपणापासून ओळखीचा. शालू दोन्ही हातांनी वर धरलेला, कपाळावर मुंडावळ्या तशाच. सासरची सगळी माणसं बघत असताना तिनं माझी कॉलर धरली आणि माझ्या छातीवर बुक्क्या मारायला लागली.

"आत्ता आलीस व्हय? समदं झाल्यावर?"

सीटखालचा तो बोळा काढून तिच्या हातात द्यावा असं फार वाटलं. दिला असता तर ती तिथल्या तिथं चुलत्याच्या अंगावर गेली असती, सासरच्या पहिल्याच दिवशी. चुलता खुर्चीत मागं रेलून ऐकत होता.

"व्हय गं, आत्ताच आले," मी म्हणाले. "गाडी बंद पडली होती."