जयवंताक्काच्या टाचण्या

हिमायतनगरात वृषाली मॅडमचं गाऊनचं दुकान आहे. खालच्या मजल्यावर मास्टर लोक कापतात, शिवतात, आणि वरच्या मजल्यावर गाऊन पुरा होतो. पुरा होतो म्हणजे काय, ते जयवंताला विचारावं. बेल्ट कुठला, ब्रोच खांद्यावर की कमरेशी, मागे चेन की बटणांची रांग, बाहीला मोती की नुसती लेस, आणि मुलीने कानात काय घालावं, हे एकवीस वर्षं तीच ठरवत आली. एकदा एका मुलीने गळ्यावर खडे, कमरेला खडे, बाहीवर खडे आणि वर मोठा हार मागितला. जयवंताने तिला आरशासमोर उभं केलं आणि हार काढून बाजूला ठेवला. "अब देखो," ती म्हणाली. "पहले हार दिख रा था, अब तुम दिख रे." मुलगी हसली आणि हार आपल्या डबीत परत गेला.

तिचा बाप संभाजी नांदेडकडच्या खेड्यातून परराज्यातल्या या शहरात एका कचेरीत शिपाई म्हणून आला होता. जयवंता दहावीनंतर शिकली नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा प्रज्ञेश नऊ वर्षांचा होता. हुक लावायला म्हणून ती या दुकानात आली आणि हळूहळू वरच्या मजल्याची मालकीण झाल्यासारखी झाली. वृषाली मॅडम जुन्या शहरातल्या वकिलांच्या घरातली, बोलायला तुटक, पण नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा म्हणायची, "जयवंताबाईंना विचारा."

तिच्या हाताखाली गीता होती. चौतिशीची, दोन मुलींची आई, तीही मराठवाड्यातल्याच बौद्ध घरातली. गीता तिला जयवंताक्का म्हणायची. दोघी एकाच डब्यातलं जेवायच्या.

जयवंताला साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली होती. गोळ्या ती आठवण झाली की घ्यायची. पन्नाशी ओलांडल्यावर एक दिवस पांढऱ्या सॅटिनवर तिला काळा धागा दिसला. तिने तो चिमटीत धरायला बोट नेलं, तर धागा पुढे सरकला. परत धरला, परत सरकला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. गीता म्हणाली, "अक्का, काय काढताय? काही नाही तिथं."

"धूळ होती," जयवंता म्हणाली.

धागे वाढत गेले. मग संध्याकाळच्या दिव्यात पांढरा आणि मोतिया एकच वाटू लागला. डॉक्टरकडे जायचं तिने टाळलं, आणि त्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी खालच्या एका मास्टरचा हात थरथरायला लागला, तेव्हा महिन्याभरात त्याच्या मशीनवर दुसरा माणूस बसला होता. मॅडमने त्याला वाईट वागवलं नाही. शाल दिली, फोटो काढला. ती शाल जयवंताच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

म्हणून ती युक्त्या करू लागली. रिळं ठरावीक क्रमाने लावून ठेवायची. लेस बोटांनी ओळखायची. अफझलगंजच्या मागच्या गल्लीतून सामान आणायला आधी ती स्वतः जायची, आता गीताला पाठवू लागली. चुका फारशा होत नव्हत्या, आणि तिला वाटलं, आपण निभावून नेतोय. तिच्या हाताशी योग्य रंगाची लेस रोज कशी काय येते, याचा तिने कधी विचार केला नाही.

नोव्हेंबरात एका रिसेप्शनचा मोतिया रंगाचा गाऊन आला. देण्याच्या दिवशी दुपारी मुलीच्या आईने खड्यांचा बेल्ट बदलून मागितला. जयवंताने मुलीला उभं करून नवा बेल्ट टाचण्यांनी बसवला, मग गाऊन मांडीवर घेऊन हाताने शिवला. दुकानाचा नियम होता की जितक्या टाचण्या लावल्या तितक्या टाचण्यांच्या छोट्या उशीवर परत आल्या पाहिजेत, आणि शेवटी दुसऱ्या कुणीतरी त्या पुन्हा मोजून गाऊनच्या कार्डावर सही करायची.

गीता उशी घेऊन मोजायला बसली तेव्हा जयवंता म्हणाली, "मोजल्यात मी. चोवीस लावल्या, चोवीस काढल्या. तू इस्त्री कर नि भर."

"एकदा बघते ना अक्का."

"नक्को म्हटलं ना. गाडी उभी आहे खाली. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

गीताने उशी खाली ठेवली, इस्त्री फिरवली आणि कार्डावर सही केली.

टाचणी बेल्टच्या आत, डाव्या कुशीला होती. मुलगी उभी होती तोवर ती टोचली नाही. रात्री स्टेजवर मुलगी सोफ्यावर बसली तशी ती बरगडीखाली खोल शिरली. मुलगी ओरडली. खोलीत नेऊन गाऊन उसवला तोवर मोतिया कापडावर तळहाताएवढा डाग पसरला होता. ती पुन्हा स्टेजवर आली नाही. जखम पुढे चिघळली आणि लग्नानंतरचे सहा दिवस तिने दवाखान्यात काढले.

चौथ्या दिवशी तिची आई दुकानात आली. तिने गाऊन काउंटरवर टाकला. डाग सुकून तपकिरी झाला होता. ती आवाज चढवून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मेरी बच्ची के सारे फोटो में उसकी जगह खाली है."

वृषाली मॅडमने कार्ड मागवलं. "सही गीताची आहे. गीता, मोजल्या होत्यास?"

गीताने जयवंताकडे पाहिलं. त्या वेळी जयवंताला समोरचे चेहरे धड दिसत नव्हते, पण ती नजर तिला कळली. बोलायला एक श्वास पुरेसा होता. तिने तो घेतला आणि सोडून दिला.

"नव्हत्या मोजल्या," गीता म्हणाली.

"का?"

गीता काउंटरवरच्या गाऊनची घडी करू लागली. मॅडमने जयवंताला विचारलं, "तुम्ही काढून दिल्या होत्या ना?"

"हो," जयवंता म्हणाली. "मी काढल्या होत्या."

गीताने त्याच दुपारी आपली कात्री आणि डबा उचलला. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज जयवंताने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. घरी जाऊन तिने प्रज्ञेशला सांगितलं की गीताची नोकरी गेली. का गेली ते सांगितलं नाही.

गीता गेल्यावर आठवड्यात सगळं उघडं पडू लागलं. पांढऱ्या गाऊनला मोतिया लेस लागली. डाव्या-उजव्या बाहीची बटणं वेगळी निघाली. राखाडी कपड्यावर तिने जांभळट खडे ठेवले आणि मुलीला विचारलं, "अच्छा लग रा ना?" मुलगी आईकडे बघत राहिली. तेव्हा कुठे जयवंताला समजलं की इतके दिवस तिच्या हाताशी लेस कोण सरकवत होतं. तरी ती बोलली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी तोंड धुताना उजव्या डोळ्यात लाल पडदा उतरला. प्रज्ञेशने तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिने बराच वेळ तपासलं आणि विचारलं, "किती दिवसांपासून कमी दिसतंय?"

"दोन वर्षं झाली असतील."

प्रज्ञेश ताडकन उठला. "दोन वर्षं? आणि मला एक शब्द नाही?"

डॉक्टरीण म्हणाली, "तेव्हा आला असतात तर पुष्कळ वाचवता आलं असतं." इंजेक्शनं झाली, लेझर झालं. उजवा डोळा गेला. डाव्यात आकार तेवढे उरले: दार, माणूस, ताट.

पट्टी निघाल्यावर ती प्रज्ञेशचा हात धरून दुकानात गेली. जिना चढली नाही, खालीच उभी राहून मॅडमला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मास्टर लोकांच्या मशिनी एकेक करून थांबल्या.

वृषाली मॅडम म्हणाली, "आता हे मला कशाला सांगितलंत, जयवंताबाई?"

"गीताला परत घ्या."

"तिच्या जागेवर मुलगी ठेवलीय मी. आणि त्या नवरीच्या घरच्यांना गीताचं नाव सांगून बसलेय. आता काय सांगू, ते नाव खोटं होतं?" मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही मला आधी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला काढलं असतं असं वाटलं?"

"हो," जयवंता म्हणाली.

मॅडमने ते नाकारलं नाही.

गीता दिलसुखनगरच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहत होती. टाचणीची गोष्ट चांगल्या दुकानांत तिच्या आधी पोहोचली होती, त्यामुळे आता ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करत होती. दार तिनेच उघडलं. पाणी दिलं. प्रज्ञेश खाली थांबला होता.

"गीता, टाचणी माझ्याकडून राहिली."

"माहीत आहे."

"मला दिसत नव्हतं."

"तेही माहीत आहे. दीड वर्ष तुमच्या मागं मीच मोजत होते, अक्का. तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलात की मोजायचे. त्या दिवशी तुम्ही भरवशाचं काढलंत, म्हणून नाही मोजल्या."

"मग त्या वेळी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

आतल्या खोलीत मुलगी पाढे म्हणत होती. जयवंताने हात पुढे केला. गीताने तो धरला नाही, झटकलाही नाही. ती म्हणाली, "जिना अंधारा आहे. कठड्याला धरून उतरा. मी येते खालपर्यंत." ती खालपर्यंत आली, प्रज्ञेशच्या हाती तिला दिलं आणि वर गेली.

याला आता दीड वर्ष झालं. जयवंता घरी असते. कुणी बटण लावायला दिलं तर बोटांनी लावते, पण कुणी फारसं देत नाही. सकाळी प्रज्ञेश कामावर गेला की गॅलरीत बसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कपड्यांचे रंग ओळखायचा प्रयत्न करते. चूक की बरोबर, सांगायला कुणी नसतं.

मागच्या महिन्यात गीताचा फोन आला. कारखान्यातल्या एका बाईने लेकीच्या साखरपुड्याचा गाऊन तिला घरी शिवायला दिला होता.

"अक्का, खांद्यावरची ओढणी जड झालीय, घसरतेय. ब्रोच लावला तर कापड फाटतंय."

"आतून पट्टी घे," जयवंता म्हणाली. "खांद्याच्या शिवणीत धर, अस्तरात नाही. ब्रोच नुसता दिसायला, वजन पट्टीवर. आणि ब्रोच लहान घे, मुलगी बारीक असेल तर."

"बारीकच आहे."

"रंग कुठला?"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, पट्टी घेते," गीता म्हणाली, आणि रंग न सांगताच फोन ठेवला.