साडूभाऊंची मिशी

परवा नागपुरात, गांधीबागेत दाढी झाल्यावर मी सलूनवाल्याला ‘ओब्रिगादो’ म्हणालो. पोर्तुगीजमध्ये आभार मानायची लिस्बनची सवय अजून सुटत नाही. तो बघतच राहिला. गालावरच्या तुरटीच्या चुणचुणीनं मला साडूभाऊ आठवले.

लिस्बनला जाण्याआधी मी नागपुरात पोर्तुगीज घोकायचो, तेव्हा ते पाहुण्यांसमोर मला एक ते दहा म्हणायला लावून खदखदा हसायचे. "काहून शिकून राहिला गा? इशाऱ्यावर दुनिया चालते!"

पुढे ते आमच्याकडे लिस्बनला आले. परतल्यावर लगेच पुतण्याचं लग्न होतं, म्हणून मी त्यांना दाढीला नेलं. न्हाव्यानं पोर्तुगीजमध्ये विचारलं, "मिशीपण काढू?" साडूभाऊंनी रुबाबात मान डोलावली. मला सगळं समजलं होतं. मी पेपर वाचत राहिलो.

आमच्याकडे बाप गेला की मिशी उतरते. त्यांचे बाबा नागपुरात ठणठणीत होते. मिशी उतरली तेव्हा माझ्या काळजाला काय गारवा वाटला! आज लाज वाटते, पण थोडीच.

घरी बायकोनं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले समजलं होतं ना? मंग ताईले फोन तुम्हीच लावा," ती म्हणाली. "अन् तिच्या सासऱ्यानं उचलला, तर त्याहीले मराठीत समजावून सांगा."