एका दिवसाची बंदूक

उजवा डोळा नळीच्या तोंडाला लावायचा, डावा घट्ट मिटायचा, तारेला बांधलेला एवढासा बल्ब नळीत सोडायचा आणि श्वास धरून बघत राहायचं. मग मान वर करून चष्मा पुसत म्हणायचं, "पहिलीच आहे हो वहिनी. पहिली चुकायला नको."

हे मी एका हिवाळ्यापासून पुढच्या जूनपर्यंत जवळजवळ दर शनिवारी पाहिलं आहे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. साडी घ्यायला गेलं की सगळं दुकान गादीवर उतरवून घेतात आणि "येतो हं परत" म्हणून निघतात, ती जात. फक्त आमचे डॉक्टर साडी नव्हे, ठासणीची बंदूक घ्यायला निघाले होते, आणि दुकानात गादीशी बसलेली मी होते.

गोष्ट जपानातल्या सेंदाईची, नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं होतं आणि मी त्याच्यामागून गेले होते. घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी आरुबाइतो धरला. आरुबाइतो म्हणजे तासांवर पगार मिळणारी अर्धवेळ नोकरी. मालक सत्तरीचे, मितभाषी. बशा पुसणं, चिठ्ठ्या लावणं, गिऱ्हाईकाला चहा देणं ही माझी कामं.

डॉक्टर नवऱ्याच्याच संस्थेत होते. पन्नाशीचे, नागपूरचे, लोखंड या विषयातले मोठे जाणकार. दोन वर्षांच्या फेलोशिपवर एकटेच आलेले. तशी सेंदाईतली सगळीच मराठी मंडळी पीएचडी, पण "डॉक्टर" अशी हाक मारली की वळून बघायचे ते हेच.

आल्या आल्या पहिल्याच नोव्हेंबरात त्यांनी शहराच्या उत्सवात तोड्याच्या बंदुकांचे बार पाहिले. तिथे हौशी लोकांचं एक पथक आहे. चिलखतं घालून पंचवीस-तीस माणसं रांगेत उभी राहतात, नळीत दारू ठासतात, तोडा म्हणजे सुताची पेटती वात लावतात आणि दस्ता गालाशी टेकवून एकदम बार उडवतात. गोळी नसते, नुसता आवाज आणि धूर. डॉक्टर तिथून जे परतले ते वेगळेच होऊन. दुसऱ्या दिवशी पथकाच्या प्रमुखांना गाठून त्यांनी विचारलं, "मलाही उभं राहता येईल का?" प्रमुख म्हणाले, "पुढच्या वर्षी या. पण बंदूक स्वतःची हवी."

नियमच तसा होता. दुसऱ्याच्या बंदुकीला कुणी हात लावायचा नाही. बार उडवायचा परवानाही बंदुकीगणिक वेगळा निघायचा आणि त्याला दोन-तीन महिने लागायचे. डॉक्टरांची फेलोशिप त्यापुढच्या मार्चमध्ये संपत होती. म्हणजे त्यांच्या हाती उत्सव एकच, आणि त्यासाठी बंदूक उन्हाळ्याआधी ठरायला हवी. हे सगळं पहिल्याच शनिवारी त्यांनी मला समजावून सांगितलं.

"आणि मार्चनंतर बंदुकीचं काय करणार? भारतात कशी नेणार?"

"नेता येणार नाही. चौकशी केली मी."

"म्हणजे एका दिवसासाठी घेताय?"

"हो," डॉक्टर म्हणाले. जराही लाजले नाहीत.

मी कपाळाला हात लावला. फेलोशिपमधून घरी पैसे पाठवून जे उरत होतं, त्यात हा माणूस साधं जाकीट घेत नव्हता. थंडीत दोन स्वेटर एकावर एक घालून सायकलवरून यायचा. आणि घेणार काय, तर बंदूक.

बरं, बजेट बेताचं. पितळी नक्षीच्या, चांदीची फुलं बसवलेल्या दक्षिणेकडच्या बंदुका त्यांनी आधीच बाद केल्या. नवी नक्कल स्वस्त मिळते, पण ती शोभेची, तिच्यातून बार उडत नाही. उरल्या त्या आमच्या उत्तरेकडच्या लांबलचक, साध्या, बिननक्षीच्या. मालकांनी पहिल्या दिवशी हिशेब सोपा करून दिला होता. लाकडाकडे बघू नका, लाकूड दुरुस्त होतं. नळी बघा, रंजकाचं, म्हणजे नळीत आग शिरायचं, भोक झिजून मोठं झालंय का ते बघा, आणि नळीच्या मागचं आट्यांचं बूच निघतंय का बघा. ते निघत नसेल तर आत काय दडलंय ते कळत नाही. मी हे मराठीत सांगितलं आणि डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. तिथेच माझं नशीब फिरलं.

डॉक्टर मराठीत पाच मिनिटं बोलायचे, मी जपानीत दोन वाक्यं करायची. मालक "हाय, हाय", म्हणजे "हो, हो" म्हणत मान डोलवायचे आणि आतून आणखी एक बंदूक आणायचे. एकीचं बूच गंजून बसलेलं. एकीच्या नळीत तळाशी खड्डे. एकीची घोड्याची कमान मेलेली. एक फेब्रुवारीत आली ती मला चांगली सरळ-स्वच्छ वाटली. डॉक्टरांनी बल्ब सोडला, तीनदा सोडला, मग म्हणाले, "मधोमध एक रेघ आहे. वहिनी, यांना विचारा, ही रेघ घडवतानाची की नंतरची?" दाताच्या डॉक्टरकडे जाऊन कुठला दात दुखतोय हे मला जपानीत सांगता येत नव्हतं, पण नळीतली रेघ घडवतानाची की नंतरची, हे येत होतं. घरी जाऊन नवऱ्यावर ओरडले, "तुमच्या डॉक्टरांना एखादं धनुष्यबाण घेऊन द्या!"

मालकांना मात्र त्यांचा कंटाळा आला नाही. नाकारलेली बंदूक परत देताना डॉक्टर पांढरे हातमोजे घातलेल्या दोन्ही हातांनी तिला नमस्कार करायचे. दसऱ्याला आपण सायकलला करतो तसाच. मालक एकदा मला म्हणाले, "हे गिऱ्हाईक वस्तूचा अपमान करत नाही." मी म्हटलं, "गिऱ्हाईक वस्तू घेतही नाही." ते हसले आणि चहा ठेवायला उठले.

एका शनिवारी दुकान रिकामं होतं. डॉक्टरांनी डब्यातलं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं. मला राग आवरला नाही. म्हटलं, "डॉक्टर, अहो घेऊन टाका ना कुठलीही. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "आजवर घरात मी जे आणलं ते कुणीतरी सांगितलेलं होतं. मिक्सर सांगितला, मिक्सर आणला. गॅसची शेगडी सांगितली, ती आणली. कुणालाच नको असलेली, कुणी न सांगितलेली अशी ही पहिलीच वस्तू घेतोय. तर ती बरोबर घ्यावी, असं वाटतं."

मी थालीपीठ घेतलं.

जूनच्या सुरुवातीला ती आली. मालकांनी एका खेड्यातल्या घरून दोन बंदुका एकदम उचलल्या होत्या. त्यातली दुसरी तडकलेली, पण पहिली पाहताच डॉक्टर पुढे सरकले. काळीभोर, लांब, अंगावर एक फूल नाही. बूच हातानं फिरवलं तसं निघालं. भोक बारीक. कमान टणक. बल्ब एकदा सोडला, पुन्हा सोडला नाही. किंमत विचारली, ती त्यांच्या ऐपतीत बसत होती. "हीच," ते म्हणाले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मालकांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि चहाऐवजी साकेचे तीन छोटे पेले आणले. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटावेत असं वाटलं.

मालक ती कापडात गुंडाळायला लागले तेवढ्यात डॉक्टरांनी खिशातून टेप काढली.

"आता काय मोजताय?"

"नोंदणीच्या कागदावर नळीची लांबी लिहिलेली आहे ना? मग मोजायला नको?"

हा कागद काय, तेही सांगते. जपानात जुन्या बंदुकीची नोंद पोलीस करत नाहीत, शिक्षण खातं करतं. कारण ती हत्यार नव्हे, कलावस्तू. तज्ज्ञांचं मंडळ तपासतं, लांबी-रुंदी लिहितं, शिक्का मारतं, आणि मग तो कागद बंदुकीबरोबर जन्मभर फिरतो. त्या शिक्क्यावर शंका घ्यावी हे मालकांच्या पन्नास वर्षांच्या धंद्यात कुणाच्या मनात आलं नव्हतं. आपला माणूस शिक्का दिसला की आधी शंका घेतो.

डॉक्टरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. कागदापेक्षा नळी दोन सेंटिमीटरने जास्त भरली. मग त्यांनी ती तडकलेली दुसरी मागवली आणि तिला टेप लावली. तिची लांबी या कागदावर, हिची तिच्या कागदावर. त्या घरच्यांनी कधीतरी साफसफाई करताना दोन्हींचे कागद एकमेकींच्या पिशव्यांत घातले होते.

मी म्हटलं, "सोपं आहे. कागदांची अदलाबदल करा."

मालकांनी मान हलवली. तसं आपल्या हातानं करता येत नाही, मंडळापुढे दोन्ही न्याव्या लागतील. मंडळ पुन्हा बसणार सप्टेंबरात. नवा कागद ऑक्टोबरात. त्यापुढे परवान्याचे दोन-तीन महिने. आणि उत्सव नोव्हेंबरात. तिघांनीही मनातल्या मनात हे मोजलं.

"डॉक्टर, द्या सोडून," मी म्हणाले. "जुन्या कागदावर घ्या. कोण बसलंय मोजायला?"

"मी बसलो होतो ना," ते म्हणाले. "उद्या आणखी कुणी बसेल. तेव्हा मी नागपुरात असेन. दुकान यांचं आहे, वहिनी."

मी हे मालकांना सांगितलं नाही. पण त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, जमिनीला डोकं टेकवून त्यांनी इतका वेळ माफी मागितली, की डॉक्टर त्यांच्यासमोर तसेच गुडघ्यांवर बसले आणि "नाही, नाही" म्हणत राहिले.

मी मात्र भडकले होते. सायकलचं कुलूप उघडत असताना मी त्यांना गाठलं आणि मनातलं सगळं ऐकवलं. फेब्रुवारीतली रेघवाली घेतली असती, तर एव्हाना परवाना हातात असता. नोव्हेंबरात रांगेत उभे असता. त्या रेघेनं धुरात काय फरक पडणार होता?

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. सायकलवर बसले आणि गेले. मला स्वतःच्या जिभेचा फार राग आला, पण तीन दिवस मी फोन केला नाही.

उत्सवाच्या दिवशी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय. मी आणि नवरा त्यांच्या शेजारी दोरीला टेकून उभे होतो. प्रमुखांनी चिलखतातूनच त्यांना वाकून नमस्कार केला. हुकूम झाला, बार उडाले, सगळीकडे धूर. धूर विरल्यावर डॉक्टर म्हणाले, "डावीकडून तिसऱ्याचा बार उशिरा उडाला. भोक मोठं झालंय त्याचं." मग चष्मा काढून पुसायला लागले. तो किती वेळ पुसत होते ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

तोवर दुकानात नवा कागद आला होता. मालकांनी ती बंदूक त्यांच्यासाठी बाजूला ठेवली होती आणि निम्म्या किमतीत द्यायला तयार होते. डॉक्टरांनी ती हातात घेतली, बूच काढून पुन्हा बसवलं आणि मालकांना परत दिली.

"आता घेऊन काय करू? दुसऱ्या कुणाची पहिली होऊ दे. फक्त घेणारा बघून द्या, एवढं सांगा त्यांना."

मार्चमध्ये ते गेले. जाताना मला एक पत्ता लिहून दिला, "गेली की कळवा." गेली की, म्हणजे बंदूक.

ती मे महिन्यात गेली. टोकियोहून एक गृहस्थ मोटारीनं आले. नवं उपाहारगृह काढत होते आणि गल्ल्याच्या वरच्या भिंतीला काहीतरी लांब हवं होतं. त्यांनी हातानं वितीवितीनं मोजून बघितलं, रंग बरा आहे म्हणाले, आणि पाकीट काढलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी विचारलं, "नळी आतून बघणार?" ते म्हणाले, "कशाला?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. दुकान महिनाभर थंड होतं. त्यांनी पावती फाडली, पण मान वर केली नाही.

गृहस्थ गाडी आणायला गेले तेव्हा बांधून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सहा-सात महिने मी या नळ्यांबद्दल तोंडाला फेस येईपर्यंत बोलले होते, पण एकीलाही डोळा लावला नव्हता. मी बूच फिरवून काढलं, नळी खिडकीकडे धरली आणि डावा डोळा मिटला. आतमध्ये एकही डाग नव्हता. पार टोकाला रस्त्याचा लहानसा गोल तुकडा दिसत होता, आणि त्यात समोरच्या दुकानाचा पडदा हलत होता. मी बूच बसवलं, कापड गुंडाळलं आणि दोरी बांधली.

संध्याकाळी स्वयंपाकाआधी डॉक्टरांना पत्र लिहिलं. लिहिलं, की बंदूक गेली. घेणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांचीही पहिलीच. चिकट माणूस, मला फार पिडलं. तीन शनिवार नळीत बघत होते.