भागोजी आप्पांचा पक्ष

भागोजी मांडवकर पुढारी होतील असं त्यांच्या बापाला कुणी सांगितलं असतं, तर त्याने तंबाखूची पिंक टाकून विषय संपवला असता. घरात राजकारण कधी शिरलंच नव्हतं. वर कातळावर थोडी नाचणी, खाली मळ्यात भात, आणि घरटी एक माणूस मुंबईला. भागोजीही तरुणपणी मुंबईला गेले, पण तिथलं पाणी मानवलं नाही. परत येऊन त्यांनी सोनघळच्या बाजारात पिठाची गिरण घातली आणि जाईबाईशी संसार मांडला.

त्याच सुमारास रत्नागिरीहून पक्षाचे एक गृहस्थ एसटीने यायचे आणि देवळाच्या सभामंडपात चार माणसं जमवून बोलायचे. देव, देश, घर आणि शिस्त. माणसापेक्षा पक्ष मोठा, पक्षापेक्षा गाव मोठा. भागोजींना ते असं पटलं, की भुवयांवरचं पीठ न झटकता ते गिरणीतून थेट बैठकीला जाऊन बसायचे. तेव्हा सोनघळात हा पक्ष म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. भागोजी आणि त्यांचा बालमित्र दादू शिंपी, दोघांनी सायकलवर खळीचा डबा बांधून गावोगाव पोस्टरं चिकटवली. भागोजी निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. लोक म्हणायचे, माणूस चोख, पण पक्ष चुकला.

मग हळूहळू वारं फिरलं. सोनघळची नगरपंचायत झाली, भागोजी निवडून आले आणि त्यांच्याबरोबर पक्षाचे आणखी चौघे. पण सत्ता दुसऱ्या पक्षाच्या विनीत सुर्व्यांकडे गेली. विनीतशेठच्या चिऱ्यांच्या खाणी होत्या, डंपर होते आणि सगळ्यांशी गोड बोलायची जीभ होती. भागोजी विरोधी पक्षनेते झाले आणि सारा गाव त्यांना आप्पा म्हणू लागला.

आप्पांनी ते पद मनापासून चालवलं. शाळेच्या वाटेवर बिअर बार होणार होता, तो होऊ दिला नाही. शिमग्यात पालखीपुढे डीजे लावायला पोरं निघाली, तेव्हा आप्पा रस्त्यात उभे राहिले. ढोल-ताशे लावा, म्हणाले, देवाला कान आहेत. काही बाबतींत त्यांचं म्हणणं फार जुनाट असायचं. सभेत नगरसेविका खुर्चीवर बसून मोठ्याने बोलल्या की ते खाली बघायचे, आणि घरी येऊन जाईबाईला सांगायचे की हे काही खरं नाही. पण त्यांनी कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही, एवढं त्यांचे वैरीही कबूल करत.

शिस्तीचं मात्र त्यांना वेडच होतं म्हणा ना. एकदा क्रिकेटच्या सामन्यांच्या बक्षीस समारंभाला दादू विनीतशेठच्या शेजारी जाऊन बसला. नुसता बसला, दुसरं काही नाही. त्याचा भाचा संघात होता. पक्षाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिले. आप्पांनीच ठराव मांडला, की दादूला पक्षातून काढावं. दादू उठला, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर आप्पा कपडे शिवायला चिपळूणला देऊ लागले.

आप्पांची खरी लढाई झाली ती पर्‍यावरून. डोंगरातून उतरणारा हा ओढा खालच्या आळीच्या मागून खाडीला मिळायचा. विनीतशेठला त्याच्यावर स्लॅब टाकून व्यापारी संकुल बांधायचं होतं. आप्पा प्रत्येक सभेत उठायचे आणि तेच सांगायचे, की पर्‍याचं तोंड आवळलंत तर आषाढात पाणी जाणार कुठे? ते आळीत येईल. सत्ताधारी हसायचे, पण लोकांना ते पटत होतं. खालच्या आळीतली माणसं सभेच्या दिवशी बाहेर येऊन उभी राहू लागली. विषय दोनदा मागे घ्यावा लागला. आप्पांच्या आयुष्यातले तेच दिवस काय ते मानाचे. बाजारातून जाताना दुकानदार उठून उभे राहायचे.

आणि मग एके दिवशी त्यांना रत्नागिरीला पक्षाच्या कार्यालयात बोलावणं आलं. जिल्ह्याचा अध्यक्ष आता पोरसवदा होता, आप्पांच्या मुलाच्या, अभयच्या वयाचा. त्याने उठून आप्पांच्या पायांना हात लावला, चहा मागवला.

"आप्पा, वरून ठरलंय," तो म्हणाला. "विनीतशेठ आपल्या पक्षात येतायत. त्यांच्याबरोबर सगळे नगरसेवक. हार तुमच्या हातून घालायचा, अशी त्यांचीच इच्छा आहे."

आप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि पर्‍याचं?"

"कसला पर्‍या?" अध्यक्षाने विचारलं.

परतीच्या एसटीत आप्पांनी राजीनाम्याचा विचार केला नाही असं नाही. पण राजीनामा देऊन जायचं कुठे? बाकीचे पक्ष त्यांना कधी आपले वाटलेच नव्हते. आणि ज्या शिस्तीपायी सख्ख्या मित्राला बाहेर काढलं, ती आपल्यावर आली म्हणून मोडायची कशी, हे त्यांना सुचेना. घरी आल्यावर जाईबाईने विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय, म्हणून ते पडून राहिले.

मारुतीच्या देवळासमोर मांडव उभा राहिला, आप्पांनी विनीतशेठला हार घातला. फोटोत विनीतशेठ त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसतायत आणि आप्पा भलतीकडेच बघतायत. पुढच्या सभेत संकुलाचा विषय आला. आप्पांच्या चार सोबत्यांनी आधीच माना डोलावल्या होत्या. आप्पांचा हात वर गेला. ठराव एकमताने झाला. विरोधच उरला नाही, तेव्हा विरोधी पक्षनेताही उरला नाही. शिपायाने त्या पदाच्या खोलीची किल्ली मागितली, ती त्यांनी खिशातून काढून दिली.

बाहेर आळीतली माणसं उभी होती. त्यांनी बाजूला होऊन आप्पांना वाट दिली. कुणी शिवी दिली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

संकुल उभं राहिलं. त्या वर्षी आषाढात पाणी आलं, ते अगदी आप्पा सांगत तसंच आलं. मागच्या दारांतून शिरलं, पुढच्या दारांतून बाहेर पडलं आणि दोन दिवस आळीत तुंबून राहिलं. आळीतच राहणाऱ्या दादूची शिलाई मशीन गाळात गेली. नंतर दरवर्षी पाणी येऊ लागलं, कधी घोट्याला, कधी कमरेला. लोकांनीही सवय करून घेतली. सामान माळ्यावर चढवायचं आणि शिव्या द्यायच्या. शिव्या मात्र विनीतशेठला कुणी देत नसे. तो तसाच होता, हे साऱ्यांना ठाऊक होतं. लोक आप्पांचं नाव घेत. गिरणीतलं गिऱ्हाईक कमी झालं. पुढे गुडघे धरले, तेव्हा आप्पांनी गिरण बंदच केली.

मधली काही वर्षं निवडणुकाच रखडल्या. शेवटी लागल्या तेव्हा आप्पांचा प्रभाग सोडतीत बाईसाठी राखीव निघाला. पक्षाने उमेदवारी विनीतशेठच्या भावजयीला दिली. आप्पांना साधं विचारलंही नाही, नुसता निरोप पाठवला, की सल्लागार म्हणून तुमचं नाव पत्रकावर छापतोय.

त्या संध्याकाळी त्यांची सून दर्शना पडवीत आली. दर्शना शिकलेली होती, मुलांच्या शिकवण्या घ्यायची, बायकांचे बचत गट चालवायची. अख्ख्या खालच्या आळीत तिला एकही उंबरा नवा नव्हता. बायका तिला अपक्ष उभी राहा म्हणून गळ घालत होत्या. अभयची ना नव्हती.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी अर्ज भरणार नाय," ती म्हणाली. "पण का नको, ते मला सांगा."

"आपल्या घरातून बंडखोरी होणार नाय."

"बंडखोरी कुणाशी? विनीतशेठशी?"

उत्तर नसलं की माणूस जुनं काहीतरी शोधून काढतो, तसं त्यांनी काढलं. म्हणाले, "बाईमाणसानं मतं मागत दारोदार फिरावं, हे या घरात चालत नाय."

पलीकडे बाकावर विनीतशेठच्या भावजयीच्या फोटोची पत्रकं गठ्ठ्याने पडली होती, दुसऱ्या दिवशी आप्पाच ती वाटायला नेणार होते. दर्शनाने पत्रकांकडे पाहिलं आणि आत निघून गेली. जाईबाई चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. तिने त्या दिवशी ताट वाढलं, पण नवऱ्याजवळ बसली नाही.

आप्पा पत्रकं घेऊन फिरले. दुखऱ्या गुडघ्यांनी घरोघर गेले. लोक दार उघडायचे, कागद घ्यायचे, पाणी देऊ का विचारायचे. शेवटी दादूचं घर आलं. ते टाळून पुढे जाता आलं असतं, पण नेमून दिलेल्या घरांतलं एकही घर त्यांनी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. दादू ओटीवर बसून हातशिलाई करत होता. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची काळी रेघ होती.

"ये, भागोजी," दादू म्हणाला. कैक वर्षांनी कुणी त्यांना नावाने हाक मारली होती.

आप्पा टेकले. पत्रक पुढे करायला हात होईना. शेवटी दादूनेच ते काढून घेतलं, फोटो पाहिला आणि घडी करून सुयांच्या डब्याखाली ठेवलं.

"माझं चुकलं, दादू," आप्पा म्हणाले.

दादूने दोरा दाताने तोडला. "चुकलं ते झालं. पण तू बोलायचास ना सभेत, तेव्हा आम्हाला वाटायचं, काहीतरी होईल. ते नसतं वाटलं तर बरं होतं. मी दुकान तेव्हाच विकून पोरीकडे गेलो असतो."

तो रागाने बोलला असता तर सोसलं असतं. तो सहज बोलला, पावसापाण्याचं बोलावं तसं. त्याच्या बायकोने, येसूबाईने, चहा आणला. तो पिऊन आप्पा उठले आणि उरलेल्या घरांत पत्रकं टाकून आले.

विनीतशेठची भावजय सहज निवडून आली. गुलालाची मिरवणूक आप्पांच्या दारावरून गेली. ते सदरा घालून पायरीवर उभे होते. ट्रकवरून कुणीतरी हात हलवला, ट्रक थांबला नाही. पंधरवड्यात अभयने बदलापूरला नोकरी बघितली आणि दर्शना त्याच्याबरोबर गेली. जाताना ती नीट वाकून पाया पडली, सासूला औषधांच्या वेळा समजावून सांगितल्या. भांडण असं झालंच नाही. सणावारी येऊ, म्हणाली. गणपतीला अभय एकटाच येईल, हे आप्पांना तेव्हाच कळलं.

नव्या नगरपंचायतीची पहिली सभा भरली, तेव्हा आप्पा प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. निवडून आलेले सगळे एकाच पक्षाचे, म्हणजे आप्पांच्याच पक्षाचे. सायकलवर खळीचा डबा बांधून फिरताना त्यांनी नेमकं हेच मागितलं होतं. विषय वाचले जात होते, हात वर जात होते. पर्‍याच्या उरलेल्या तोंडावर वाहनतळ करायचा विषय आला, तेव्हा आप्पा नकळत उठून उभे राहिले.

शिपाई जुना होता. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आप्पानू, प्रेक्षकांना बोलता येत नाय."

"माहीत हाय मला," आप्पा म्हणाले आणि खाली बसले. विषय मंजूर झाला. पुढचाही झाला. सभा संपली, सगळे वडे खायला आतल्या खोलीत गेले. शिपायाने पंखे बंद केले आणि तो आप्पांच्या उठण्याची वाट बघत दाराशी उभा राहिला.