पंपवाल्या कंपनीतला मोठा हात

शाळेत गणित शिकवते म्हणून मला शेअरचा आलेखही वाचता येत असणार, हे आमच्या घरात कुणी ठरवलं ते आठवत नाही. पण एकदा ठरल्यावर मी मागे हटणारी नव्हते. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून बघून मूव्हिंग अ‍ॅव्हरेज शिकले, आरएसआय शिकले, आणि व्हॉल्यूमही. म्हणजे आलेखाखालचे उभे खांब. दिवसभरात किती शेअर इकडचे तिकडे झाले ते दाखवणारे.

मग मी फवारणीचे पंप बनवणारी एक अगदी लहान कंपनी हेरली. तिचे खांब भिंग लावून बघावेत इतके बुटके. पण भाव सरासरीच्या रेषेला छेदून वर आला होता, आणि व्हिडिओतला माणूस अशा वेळी टेबलावर हात आपटायचा. मी थोडे शेअर घेतले.

त्याच आठवड्यात बालाघाटजवळच्या भरवेलीला नणंदेकडे गेले. तिचे यजमान तिथल्या खाणीत, घर कॉलनीत. चहा पिता पिता तिला आलेख दाखवला.

"वहिनी, हे मले काही समजत नाही," ती म्हणाली. "पन तुमी घेतला ना?"

"हौ, घेतला."

"मंग झालं."

काही दिवसांनी आलेखात एक खांब उंच उठला. मग त्याच्याहून उंच.

"मोठा हात शिरला," मी नवऱ्याला सांगितलं. "एखादा फंड असेल, नाही तर परदेशातले लोक. ते आधी गुपचूप घेतात."

"परदेशातले लोक पंप काहून घेऊन राह्यले?" तो म्हणाला.

मी आणखी शेअर घेतले. आरएसआय सत्तरच्या वर गेला. म्हणजे लोकांनी अति खरेदी केली, आता जपून. पण मजबूत शेअर सत्तरच्या वरही बरेच दिवस राहतो, असंही तोच माणूस म्हणाला होता. दोन्हींतलं मला आवडलं ते मी घेतलं.

मग नणंदेच्या नातीचं बारसं आलं. पाळणा सजत होता, तेवढ्यात शेजारणीनं मला कोपऱ्यात ओढलं.

"मॅडम, वो पंपवाली कंपनी और लेना है क्या?"

"तुमको किसने बताया?"

"दीदी ने, आपकी ननद ने. सबको बताया."

"आमच्या ह्यांनीबी घेतला," दुसरी म्हणाली. कढईपाशी बसलेल्या आचाऱ्यानं झारा वर करून सांगितलं की बिरशाला राहणाऱ्या आपल्या जावयालाही घ्यायला लावलाय. मी मांडवभर नजर फिरवली. माझा परदेशी फंड सतरंजीवर बसून घुगऱ्या खात होता.

नणंदेला बाजूला घेतलं. "ताई, ते खांब आपलेच हायेत. आपन घेतो म्हनून भाव वाढते, अन् भाव वाढते म्हनून आपन घेतो."

"मंग आपन थांबलो तं?"

"तं संपलं."

"हळू बोला," ती म्हणाली. "पाळना तरी होऊ द्या."

पाळणा झाला, पण बातमी त्याच्या आधी मांडवभर फिरली होती. सोमवारी सगळे विकायला निघाले. घेणारं कोण? घेणारे सगळे विकणाऱ्यांच्याच रांगेत उभे. भाव रोज खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडू देतात त्या हद्दीला, जाऊन चिकटू लागला आणि मी भरवेलीचा रस्ता टाळू लागले. नणंदेनं मात्र एकही शेअर विकला नाही.

"मीनं भाव पाहून थोडीच घेतला?" ती फोनवर म्हणाली. "तुमाले पाहून घेतला."

भावाच्या पडण्यानं लागलं नाही इतकं ते लागलं.

भाव शेवटी आधीच्या जागी येऊन बसला. पुढे कंपनीची वार्षिक सभा व्हिडिओवर भरली. नणंदेनं कॉलनीतल्या, शेअर अडकून राहिलेल्या बायका घरी जमवल्या आणि मोबाइल चालवायला मला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे गृहस्थ. म्हणाले, "इस बार बालाघाट से अचानक बहुत शेअरहोल्डर जुड़े. हम तो घबरा गए थे कि कोई बड़ा आदमी कंपनी हथिया रहा है."

बायकांनी तोंडाला पदर लावले. प्रश्न विचारायची वेळ आली तसा नणंदेनं माझ्या हातून मोबाइल घेतला.

"साहब, मेरे देवर का पंप नीचे से टपकता है. पूरी पीठ भीग जाती है. मैं मालिक के नाते पूछ रही हूँ."

अध्यक्षांनी पत्ता लिहून घेतला, आणि काही दिवसांनी कुरिअरनं वायसरांचं भलंमोठं पाकीट आलं. दिराच्या पंपाला एक लागला. बाकीचे नणंदेनं शेअर असलेल्या बायकांत वाटले. माझ्याही वाट्याला एक आला. आमच्याकडे पंप नाही. नवऱ्यानं तो न्हाणीतल्या नळाला बसवला.